तेरा बासऱ्या आणि गरम पाण्याची बादली

माझ्या नातीच्या शाळेत रेकॉर्डर नावाचं वाद्य शिकवतात. बासरीसारखंच, पण उभं धरायचं आणि चोचीतून फुंकायचं. गेल्या महिन्यात ती माझ्या शेजारी बसून ते फुंकत होती आणि दर वेळी त्याच सुरावर घसरत होती. मला राहवेना. म्हटलं, "आण इकडे, दाखवते." ती दचकली. आजीला वरण-भात आणि रक्तदाबाची गोळी यांपलीकडे काही कळतं यावर तिचा विश्वास नाही. तिने वाद्य लगेच दिलं नाही. आधी दप्तरातून एक ओला कागदी रुमाल काढला, चोच पुसली आणि मग दिलं. टीचरनी सांगितलंय म्हणाली, एकाचा रेकॉर्डर दुसऱ्याने तोंडात घालायचा नाही.

टीचरचं बरोबरच आहे. मी स्वतः तीसेक वर्षं प्राथमिक शाळेत काढली आहेत, पोरांच्या थुंकीतून काय काय पसरतं ते मला नव्याने सांगायला नको. तरीही त्या ओल्या रुमालाकडे मी बघत राहिले. वाद्य हातात आलं तशी बोटं आपापल्या भोकांवर जाऊन बसली. जवळजवळ साठ वर्षांनी. गुडघे साथ देत नाहीत, नावं आठवत नाहीत, पण बोटं काही विसरलेली नव्हती.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे नोकरीतले अनुभव मागितले होते. मी बदल्या, बढत्या, तपासण्या असं शहाण्यासारखं लिहायला घेतलं होतं. ते कागद आता रद्दीत गेले. मी एकाच वर्षाबद्दल लिहिणार आहे. त्या वर्षी माझ्या ताब्यात तेरा रेकॉर्डर होते आणि वर्ष संपेपर्यंत एकही उरला नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. समुद्रकाठी अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि बोईसर स्टेशनवर एकदम नाना मुलखांतली माणसं उतरायला लागली होती. आज कुंभवलीकडे कारखान्यांची धुराडी आहेत. तेव्हा तिथे भातखाचरं होती आणि खेकडे धरणारी पोरं होती. पामकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची जिल्हा परिषदेची शाळा होती. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं ते शाळेचं नाही, माझं आहे. दोन खोल्या, एक पडवी, कौलं अर्धी नळीची आणि अर्धी मंगलोरी. हेडमास्तर राऊत गुरुजी पहिली-दुसरी सांभाळायचे, मी तिसरी-चौथी. मी सांगलीकडची, वय बावीस, नोकरीचं दुसरं वर्ष. वडील सुधारकी विचारांचे होते आणि आई कडक सोवळ्याओवळ्याची. मी वडिलांसारखी बोलायची. वागायची कुणासारखी, हे मला त्या वर्षी कळलं.

वर्गात सगळ्या तऱ्हेची पोरं होती. गावातल्या बागायतदारांची होती. किनाऱ्यावरच्या घिवलीहून मामाकडे राहायला आलेल्या, अंगाला सुकटीचा वास घेऊन येणाऱ्या दोन बहिणी होत्या. बांधकामावरच्या फिटर आणि कारकुनांची मुलं होती. ती सातारा-जळगावकडची, वीजकेंद्राच्या वसाहतीत राहणारी. वसाहतीची शाळा अजून सुरू व्हायची होती म्हणून ती आमच्याकडे. आणि पूर्वेच्या डोंगराकडल्या पाड्यावरून तासभर चालत येणारी चार वारली मुलं. त्यांच्यात एकच मुलगी होती, सोमी.

वसाहतीत काही अमेरिकन कुटुंबंही होती. त्यांतली एक बाई संध्याकाळी फिरायला आमच्या रस्त्याने यायची. उंच, उन्हाने लाल झालेली, डोक्याला रुमाल बांधलेली. तिचं नाव डोरा. पोरं तिला डोरा मडम म्हणायची. तिच्या देशात ती लहान मुलांना संगीत शिकवायची आणि इथे तिला करायला काहीच नव्हतं. एकदा आमची पोरं पडवीत पाढे म्हणत होती. ती कुंपणाशी थांबली आणि संपेपर्यंत उभी राहिली. पंधरवड्याने एका जीपमधून खोकं आलं. त्यात कापडात गुंडाळलेले तेरा रेकॉर्डर होते. लाकडाचे, मधाच्या रंगाचे, प्रत्येकाचे तीन तुकडे, एकात एक बसणारे.

राऊत गुरुजींनी ते पृथ्वीच्या गोलाशेजारी कपाटात ठेवले आणि किल्ली जानव्याला बांधली. परदेशी वस्तू, फुटली तर जबाबदारी कुणाची, हा त्यांचा सवाल. मी महिनाभर त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी त्यांनी किल्ली दिली आणि वर म्हणाले की आता बाई कृष्णलीला करणार. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

वाजवायचं कसं हे मला तरी कुठे येत होतं? चार शनिवार मी सायकलवरून डोरा मॅडमच्या बंगल्यावर गेले. तिला मराठी येत नव्हतं आणि माझं इंग्रजी ट्रेनिंग कॉलेजातल्या निबंधांइतकं. पण शिकवायला भाषा फार लागत नाही. ती माझी बोटं धरून भोकांवर ठेवायची, चुकलं की मान हलवायची. वाद्य सुरू करण्याआधी तळहातात धरून ऊब द्यायची. जोरात फुंकायचं नाही, गरम चहावर फुंकर घालतो तेवढीच हवा. प्रत्येक सुराला जिभेने हलकेच 'तू' म्हणायचं. आणि एक गोष्ट तिने मला चारही शनिवारी सांगितली. पाणी नाही. लाकूड पाण्यात घालायचं नाही. वाजवून झालं की काडीला मऊ कापड गुंडाळून आतून पुसायचं, वर तेलाचं बोट फिरवायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. नळाकडे बोट दाखवून ती एवढ्या जोराने मान हलवायची की मला हसू यायचं.

ज्यांनी कधी डझनभर पोरांना एकदम सुरांचं वाद्य शिकवलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिला आठवडा नुसता चीत्कारांचा असतो. बोटं लहान, भोकं उघडी राहतात, वाऱ्याला फट सापडते आणि वाद्य किंचाळतं. पोरांना तेच आवडतं. आमच्या समोरच्या घरातली म्हैस त्या आठवड्यात पान्हा चोरायला लागली, अशी रीतसर तक्रार आली होती. मग एकेकाचं बोट धरून दाबायचं, भोकाचा गोल वण बोटाच्या पेरावर उठला पाहिजे. वण उठला की भोक बंद झालं. मी पोरांना ओळीत उभं करून पाढ्यांऐवजी वण तपासायची. घिवलीच्या बहिणींच्या बोटांना कोळंबी सोलून चिरा पडलेल्या असायच्या, त्यांचा वण पटकन उठत नसे. डाव्या हाताची तीन बोटं, तीन सूर. तीन सुरांवर दोन महिने. ज्याला घाई असेल त्याने हा धंदा करू नये.

सोमीची पाळी पहिल्यांदा आली तेव्हा मी तिच्यावर ओरडले. तिने गाल फुगवले. अगदी बेडकासारखे. रेकॉर्डर वाजवताना गाल फुगवायचे नसतात, हे मी शंभरदा सांगितलं होतं. मी तिचे दोन्ही गाल चिमटीत धरून दाबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग माझ्या लक्षात आलं की ही पोर श्वास घ्यायला थांबतच नाहीये. बाकीची पोरं चार सुरांत धापा टाकत होती आणि हिचा सूर धरलेला तो धरलेलाच. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मिनिट झालं, सूर तुटला नाही.

मी तिला विचारलं, हे कुठे शिकलीस.  ती खाली बघत म्हणाली, "आजाचा बघून. पपईचा देठ पान्यात घालून फुकायचा. बुडबुडं थांबाया नाय पायजेत."

तिचा आजा रूपजी पाड्याचा तारपकरी होता. तारपा म्हणजे भोपळा आणि बांबू मेणाने जोडून केलेलं लांब वाद्य, वारल्यांच्या नाचात तेच सगळ्यांना फिरवतं. तो वाजवणारा गालांत हवा भरून ठेवतो, गालांनी ती ढकलत असतानाच नाकाने नवा श्वास घेतो. त्यामुळे सूर तुटत नाही. पाड्यावरचं प्रत्येक पोर लोटाभर पाणी आणि पपईचा पोकळ देठ घेऊन हे करून बघतं. पण तारपा बाईमाणसाने वाजवायचा नाही, तो पुरुषांचा. मुलींचं शिक्षण बुडबुड्यांपाशी संपतं. मी विचारलं, श्वास घ्यायला मध्ये थांबलं तर काय बिघडतं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मला काही येतच नाही. म्हणाली, "दम मोडला तं नाच मोडल."

त्या दिवसापासून मी तिचे गाल दाबणं सोडलं. एवढं शहाणपण माझ्याकडे होतं, हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढचं शहाणपणाचं नाही.

मुलं छत्तीस आणि रेकॉर्डर बारा, तेरावा माझा. म्हणजे एका रेकॉर्डरवर तिघं. पहिल्या मुलाने वाजवला की तोच दुसऱ्याने तोंडात घालायचा. मी आणि डोरा मॅडम दोघींनीही यात काही विशेष पाहिलं नव्हतं. तिने पाहिलं नाही कारण ती परदेशी होती. मी का पाहिलं नाही, कोण जाणे.

पहिली तक्रार वसाहतीतून आली. एका कारकुनाची बायको, अविनाश नावाच्या माझ्या विद्यार्थ्याची आई, शाळेत येऊन म्हणाली की आमचा मुलगा मासे खाणाऱ्यांचं उष्टं तोंडात घालतो हे ऐकून सासूबाईंनी दोन दिवस जेवण सोडलंय. दुसऱ्या दिवशी घिवलीच्या बहिणींची मामी आली. तिला अविनाशचं काही नव्हतं, तिला पाड्यावरच्या पोरांचं होतं. "आमी उपाशी ऱ्हाऊ बाय, पन त्यांच्या तोंडचा नाय घेनार," असं तिने मला सुनावलं. उतरंडीत प्रत्येक मडक्याला आपल्याखाली एक मडकं हवं असतं. सर्वांत खालच्यांनी तेवढी तक्रार केली नाही.

मी तावातावाने भाषण केलं. वडिलांचं भाषण, तोंडपाठ होतं. राऊत गुरुजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, भाषणाने पट टिकत नाही. पोरं काढून घेतली तर तुमची जागा जाईल आणि बासऱ्या पुन्हा कपाटात. मग त्यांनीच तोड काढली. एक बादली ठेवायची, गरम पाण्याची, विहिरीत टाकतात तसलं चिमूटभर लाल औषध टाकून. प्रत्येक पाळीनंतर सगळ्यांच्या देखत रेकॉर्डर धुवायचे. आरोग्याचं नाव द्यायचं, म्हणजे कुणाला बोलायला जागा नाही. आणि पाड्यावरच्या पोरांची पाळी शेवटी लावायची, म्हणजे त्यांच्यानंतर रात्रभर वाळतील.

मी 'बरं' म्हटलं. मला वर्ग चालू ठेवायचा होता, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. डोरा मॅडमचं ते 'पाणी नाही' मला आठवलं. पण म्हटलं, कोरडं करून ठेवू, काय होतंय.

त्या दिवसापासून पडवीत बादली आली. गुलाबी पाण्याची ती बादली बघून सगळे खूश. अविनाशची आई स्वतः येऊन पाहून गेली. मामीने मला ओले बोंबील पाठवले, जे मी खात नसे हे तिला ठाऊक होतं. मी धुण्यात पटाईत झाले. बुचकळायचं, झटकायचं, फडक्यावर मांडायचं. दिवसातून तीन वेळा. बाहेर श्रावणातली ओल, कपडे आठ-आठ दिवस वाळत नव्हते, तिथे लाकूड काय वाळणार.

पहिला रेकॉर्डर तडकला तेव्हा वाटलं कुणी आपटला असेल. दुसऱ्याचा सांधा फुगून तुकडे एकमेकांतून निघेनात. तिसऱ्याच्या चोचीतला लाकडी ठोकळा फुगला आणि सुराऐवजी नुसता वारा यायला लागला. गणपतीपर्यंत बारातले पाच गेले. ते उष्ट्याने गेले नाहीत. धुण्याने गेले, आणि मी रोज आणखी नेटाने धूत होते.

एवढ्यात डोरा मॅडमच्या नवऱ्याचं इथलं काम आटोपलं आणि ती महिनाभरात परत जाणार असं ठरलं. शाळेत निरोपाचा कार्यक्रम करायचा, उरलेल्या सात रेकॉर्डरांवर मुलांनी वाजवायचं. मी पाच सुरांची एक छोटी चाल बसवली होती. सात मुलं निवडली, त्यात अविनाश होता, घिवलीची थोरली होती आणि शेवटचा सूर धरायला सोमी. बाकी सगळ्यांनी थांबायचं आणि तिने एकटीने सूर धरून ठेवायचा, मी हात खाली करेपर्यंत. सोमीने त्यासाठी रविवारीही यायला सुरुवात केली. तासभर चालत यायचं, पडवीत माझ्या समोर बसून वाजवायचं, तासभर चालत जायचं. इतकं मनापासून शिकणारं मूल मला नंतरच्या सगळ्या नोकरीत फार तर दोनदा भेटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी पडवी भरली. वसाहतीतले दोन साहेब, गावातले प्रतिष्ठित, पुढे खुर्चीत डोरा मॅडम. सोमी धुतलेला परकर नेसून आली होती. सुरुवातीआधी मी तिचा रेकॉर्डर ऊब द्यायला हातात घेतला तर बोटाला चीर लागली. चोचीपासून खालपर्यंत. मी फुंकून पाहिलं, आवाज नाही.

सोमीने माझ्याकडे पाहिलं.  मी माझा रेकॉर्डर तिला दिला. तो रोज धुतला जात नव्हता, कारण तो फक्त माझ्या तोंडाला लागत होता. म्हणून तो शाबूत होता.

मुलांनी चाल छान वाजवली. अविनाश एकदा चुकला, पण कुणाला कळलं नाही. मग सगळे थांबले आणि सोमीचा सूर उरला. मी हात वर धरून ठेवला होता. पडवीतली कुजबुज थांबली. पोरीचे गाल फुगत होते, बसत होते, सूर जागचा हलत नव्हता. डोरा मॅडम खुर्चीतून उठून उभी राहिली. तिचं सारं आयुष्य संगीतात गेलं होतं आणि तिने तोंडावर हात धरला होता. मी हात खाली केला तेव्हा माझाच दंड भरून आला होता.

टाळ्या झाल्या, चहा सुरू झाला. डोरा मॅडमने टेबलावरचे तडकलेले रेकॉर्डर पाहिले. एक हातात घेतला, चिरेवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "पानी?" तेवढा शब्द तिला येत होता. मी मान डोलावली. का, हे तिने विचारलं. मला इंग्रजी कमी पडलं. इंग्रजी कमी पडलं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं सांगत आले. खरं तर उष्टं हा शब्द तिला समजावायची मला लाज वाटली.

आणि मग मी ते केलं. सोमीने माझा रेकॉर्डर फडक्यात गुंडाळून आणून दिला. बाकीच्या सहा मुलांचे रेकॉर्डर टेबलावर तसेच पडले होते, पाहुणे जाईपर्यंत त्यांना हात लावायची घाई नव्हती. मी सोमीच्या हातातून माझा घेतला, कोपऱ्यातल्या बादलीशी गेले आणि बुचकळला. एकदा, दोनदा. झटकून वळले तर सोमी मागेच उभी होती, रिकामं फडकं हातात घेऊन.

ती सवय होती का? रोज शेवटची पाळी पाड्यावरच्या मुलांची, आणि त्यानंतर हात आपोआप बादलीकडे जायचा, म्हणून तसं झालं का? की माझ्या तोंडाला लागायची वस्तू तिच्या तोंडाला लागली, म्हणून? ऐंशी ओलांडली तरी मला हे ठामपणे सांगता येत नाही. आईचा हात माझ्या हातात कधी शिरला ते मला कळलं नाही, एवढंच सांगते. लाज वाटली, पण ती नंतर. त्या क्षणी मी सोमीला म्हटलं, "जा, चिवडा घे."

पुढच्या आठवड्यात तिची पाळी आली तेव्हा तिने हात पुढे केला नाही. मी कारण विचारलं तर हळूच म्हणाली, "नको बाय. तुमाला धुवाया लागल." त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. माझी मेहनत वाचवत होती. त्यानंतर आठ दिवस ती आली, मग येईनाशी झाली. पाड्यावरची मुलं सांगायची, भात कापतेय. पाड्यावरून चौथीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी होती. दिवाळीनंतर तिकडची कुटुंबं गवत कापायला दूर निघून जात. एकदा गेली की परीक्षेपर्यंत परतत नसत. सोमीला आणायचं तर त्याआधी आणायला हवं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले नाही. एका दुपारी पाड्यावर गेले, माझा रेकॉर्डर पिशवीत घालून. नवं भात आलं होतं. ते देवाला दाखवल्याशिवाय तारप्याला हात लावत नाहीत, ते झालं होतं, म्हणून दिवस कलायच्या आतच अंगणात नाच धरला होता. मधोमध रूपजी आजा तारपा वाजवत होता आणि त्याच्याभोवती माणसं हातात हात घालून फिरत होती. मी कडेला बसले. थोड्या वेळाने म्हातारा दमला. त्याने चालता चालताच तारपा शेजारच्याच्या तोंडाकडे नेला, त्याने ओठ लावले आणि सूर पुढे चालू झाला. नाच थांबला नाही. मग तिसऱ्याने घेतला. कुणी पुसला नाही, कुणी झटकला नाही.

रूपजी आजा घाम पुसत माझ्याजवळ येऊन बसला. मला दुसरं काही सुचेना म्हणून मी विचारलं की तारपा कधी धुता का. म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. "धुतला तं फुगल, मेन निघल, मरल तो," म्हणाला. "त्याला मानसाचा तोंडच लागतं, बाय." डोरा मॅडमने चार शनिवार मला जे हातवारे करून सांगितलं, ते या माणसाने दोन वाक्यांत सांगितलं. मी मग त्याला झालेलं सगळं सांगितलं. बादलीचं, शेवटच्या पाळीचं आणि त्या दिवशीचं. चुकलं माझं, असं स्पष्ट म्हटलं. त्याने ऐकून घेतलं. बरं असू दे, असं काही तो म्हणाला नाही. त्याने फक्त सोमीला हाक मारली.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचकांना घोर नको. सुट्टीनंतर सोमी शाळेत आली. आई-बाप गवतावर गेले, ती आजाजवळ राहिली आणि चौथी पास झाली. पुढच्या इयत्तेची शाळा फार लांब होती, तिथे ती गेली नाही. माझी बदली झाली. नंतर ती कुठे आहे, कशी आहे, मला कळलं नाही. शोध घ्यायला हवा होता, घेतला नाही. शाळेतली बादली मी उचलून माळ्यावर टाकली, काडी आणि मऊ कापड आणलं. सगळी पाळी उलटी लावली, पाड्यावरची मुलं पहिली. राऊत गुरुजी म्हणाले, तुमची नोकरी तुम्ही जाणा. चार मुलांच्या आयांनी मुलांना बासरीच्या तासाला बसवायचं बंद केलं, त्यात अविनाशची आई होती. मामीच्या दोघी मात्र येत राहिल्या, का ते विचारायचं धाडस मी केलं नाही. उरलेले रेकॉर्डर वर्षभरात एकेक करून गेले. पाणी त्यांच्यात आधीच मुरलं होतं.

तर ती संध्याकाळ. सोमी आली आणि माझ्यापासून चार हातांवर उभी राहिली. मी पिशवीतून रेकॉर्डर काढून तिला दिला. तो तुझाच, परत द्यायचा नाही, म्हटलं. तिने आजाकडे पाहिलं. म्हातारा म्हणाला, "भोपळ्याचा नाय तो. वाजव."

तिने वाजवला. तीच पाच सुरांची चाल, आणि शेवटचा सूर धरला. नाचणाऱ्यांतली दोन-चार पोरं वळून बघायला लागली. सूर संपवून तिने रेकॉर्डर माझ्याकडे केला, मीही वाजवावं म्हणून. मी हात पुढे केला तर तिने तो मागे घेतला आणि विचारलं, "धुवून आनू का, बाय?"

मी म्हटलं, नको. चोच ओली होती, तिच्या थुंकीने. मी ती तशीच तोंडात घेतली आणि वाजवायला लागले. चौथ्या सुरावर रेकॉर्डर किंचाळला. पोरं खो खो हसली, सोमीही हसली. मी तो तिला परत दिला.

तिने चोचीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग परकराचं टोक धरून ती चोच पुसायला लागली. चांगली घासून, दोन्ही बाजूंनी. आजा म्हणाला, "बायचा उष्टा हाय ना," आणि दात नसलेलं तोंड उघडून हसला. माझं उष्टंही कुणाला नको असू शकतं, हे माझ्या बावीस वर्षांत मला पहिल्यांदाच कळत होतं. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच वाईट वाटलं. पण मी बाई होते आणि ती माझी विद्यार्थिनी होती, आणि ती पुसत होती ते अर्धवट होतं.

"खाचेतही पूस गं," मी म्हटलं, "तिथंच थुंकी साचते."

तिने खाच पुसली. मग गाल फुगवले.